स्टँडिंग रॉक : टेकडीवरचं नेटवर्क

२०१६ साली अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात, मिसुरी नदीवरच्या ओआहे जलाशयाखालून तेलाची पाइपलाइन न्यायचं चाललं होतं. स्टँडिंग रॉकचे सू आदिवासी पिण्याचं पाणी तिथूनच घेतात. ते दूषित होईल या भीतीने एप्रिलमध्ये त्यांनी विरोधासाठी नदीकाठी छावणी टाकली. मोठ्या वाहिन्या सुरुवातीला तिकडे फारशा फिरकल्या नाहीत, म्हणून बातमी आंदोलकांनाच पोहोचवावी लागली.

छावणीत मोबाइलला रेंज जेमतेम. एका टेकडीवर मात्र ती मिळायची. तिला नावच पडलं ‘फेसबुक हिल’. लोक फोन घेऊन तिथे चढायचे, व्हिडिओ टाकायचे, लाकूडफाटा आणि गरम कपडे हवेत म्हणून कळवायचे.

खरं बळ होतं ‘लाइव्ह’मध्ये. साध्या चित्रीकरणात फोन हिसकावला की पुरावा गेला. लाइव्हमध्ये चित्र त्याच क्षणी फोनबाहेर जातं आणि पाहणारे साक्षीदार होतात. २० नोव्हेंबरच्या रात्री गोठवणाऱ्या थंडीत पोलिसांनी आंदोलकांवर पाण्याचे फवारे मारले, ते लोकांनी घरबसल्या, घडत असताना पाहिलं. नंतर सारवासारव करणं कठीण झालं.

त्याआधी ऑक्टोबरअखेर एक पोस्ट पसरली : पोलीस फेसबुकवरच्या ‘चेक-इन’वरून आंदोलक हुडकताहेत, तेव्हा सगळ्यांनीच स्टँडिंग रॉकला हजेरी लावा म्हणजे त्यांचा गोंधळ उडेल. चेक-इनसाठी तिथे असावं लागत नाही, यादीतलं ठिकाण निवडलं की झालं. बघता बघता दहा लाखांवर लोकांनी ते केलं. पोस्ट छावणीतून निघालेली नव्हती, पोलिसांनीही आरोप नाकारला. शिवाय फोन कुठे आहे हे टॉवरवरूनही कळतं, त्यामुळे हे कवच कच्चंच होतं. तरीही ती हजेरी मला फुकट गेली असं वाटत नाही, कारण स्टँडिंग रॉकचं नाव न ऐकलेल्यांनी त्या दिवशी ते शोधून वाचलं.

मात्र ऑनलाइन हजेरीला वजन आलं ते थंडीवाऱ्यात तंबू ठोकून बसलेल्या माणसांमुळे. ४ डिसेंबरला लष्कराच्या अभियंता विभागाने जलाशयाखालून जायची परवानगी नाकारली. पुढे ट्रम्प सरकार आलं, फेब्रुवारीत परवानगी मिळाली आणि जून २०१७ पासून त्या पाइपमधून तेल वाहू लागलं. जमातीची कोर्टातली लढाई त्यानंतरही चालू राहिली. अशा आंदोलनाची पोस्ट तुमच्यापर्यंत आली, तर पुढे पाठवण्याआधी ती जागेवरच्या लोकांनीच टाकलेली आहे ना, एवढं जरूर पाहा.