माहेर खानदेशात, सासर निजामाच्या राज्यात

सोयगाव तालुक्यातल्या अनेक घरांत आजीचं किंवा पणजीचं माहेर खानदेशातलं असतं: शेंदुर्णी, पहूर, जामनेर, पाचोरा. आज हा फक्त जिल्हा बदलण्याचा प्रश्न आहे. त्या काळी मात्र नवरी वऱ्हाडासोबत एका सरकारच्या मुलखातून दुसऱ्या सरकारच्या मुलखात यायची. खानदेश 1818 पासून इंग्रजांकडे होता आणि सोयगाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या सरहद्दीबद्दल आज जे सांगितलं जातं, त्यातलं बरंच चुकीचं आहे.

सरहद्द ओलांडायला पासपोर्ट लागायचा, असं म्हणतात. तसं काही नव्हतं. माणसांची ये-जा मोकळी होती, अडवला जायचा तो माल. हैदराबाद संस्थानाचं जकात खातं ‘करोडगिरी’ नावानं ओळखलं जाई. इंग्रजांशी झालेल्या 1802 च्या व्यापारी तहानुसार जकातीची मर्यादा शेकडा 5 होती. नाणंही वेगळं होतं. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार यांचा अधिकृत भाव 7 हालीला 6 कलदार असा. म्हणजे माहेरहून आलेल्या पैशाचा हिशेब सासरी निराळा लागायचा.

डोंगरामुळे खानदेश तुटलेला होता, हा समज तर नकाशा पाहिला की टिकत नाही. सोयगाव अजिंठ्याच्या रांगेच्या उत्तरेला, पायथ्याशी वसलं आहे. इथलं पाणी तापीकडे वाहतं. औरंगाबादला जायचं तर घाट चढावा लागे, शेंदुर्णीची वाट सपाटीची. सोयरिकी उत्तरेकडे जुळल्या त्या या भूगोलामुळे. राज्यकर्त्यांनी आखलेल्या रेषेनं त्या थांबल्या नाहीत. याच कारणानं जळगावकडून येणाऱ्या अनेकांना अजिंठा लेणी खानदेशातली वाटतात. ती तेव्हा निजामाच्या ताब्यात होती आणि आज सोयगाव तालुक्यात फर्दापूरजवळ आहेत.

सर्वांत महत्त्वाचा गैरसमज सुनेबद्दलचा आहे. परमुलखातून आलेली बाई कागदोपत्री परकीच राहायची, असं अनेकजण धरून चालतात. संस्थानात ‘मुलकी’ (संस्थानातले) आणि ‘गैरमुलकी’ (बाहेरचे) हा भेद होता आणि सरकारी नोकरी मुलकींसाठी राखलेली असे. पण 1919 च्या फर्मानानं आलेल्या मुलकी नियमांत मुलकी पुरुषाची पत्नी मुलकीच मानली आहे. तिचा भाऊ मात्र बहिणीच्या आधारानं नोकरीसाठी आला, तर त्याला नात्याचा काही उपयोग नव्हता. त्याला 15 वर्षं संस्थानात कायम राहून, मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचं प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करावं लागे. भेद नोकरीपुरता होता. शेतात राबायला किंवा नातलगाकडे राहायला आलेल्याला तो सहसा आडवा येत नसे.

सरहद्द खरोखर जाचक झाली ती 15 ऑगस्ट 1947 नंतर. निजाम स्वतंत्र देशाचा दावा करत होता, त्याच्या सरकारनं भारतीय चलनाला मनाई केली आणि निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा उपद्रव वाढला. मराठवाड्यातल्या सीमेवरच्या अनेक कुटुंबांना तेव्हा पलीकडच्या सोयऱ्यांनीच थारा दिला. हे ऋण आपल्या इतिहासात पुरेसं नोंदलं गेलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला. त्याच दिवशी मराठवाडा महाराष्ट्रात आला, हाही गैरसमजच: तो 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र 1 मे 1960 ला झाला.

या जुन्या सरहद्दीचा त्रास आज दाखले काढताना होतो. सासरच्या नोंदीवर सुनेला जातीचा दाखला मिळतो, असं समजून लोक हेलपाटे घालतात. लग्नानं जात बदलत नाही. ती सर्वसाधारणपणे वडिलांकडून येते, म्हणून पुरावाही तिच्या माहेरचाच लागतो. शिवाय कुटुंब ठरावीक तारखेला कुठं राहत होतं ते पाहतात: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या दिवशी वडिलांचं घर जामनेरला असेल, तर सोयगावच्या तहसीलमध्ये चकरा मारून उपयोग नाही.

कागदही दोन्हीकडे सारखे नाहीत. खानदेशात जन्म-मृत्यूची जुनी नोंद म्हणून कोतवाल बुक पाहिलं जातं. सोयगावकडे उर्दूतली निजामी दप्तरं आणि 1954-55 ची खासरा पाहणी महत्त्वाची. निजामी कागदावर फसली सन (तिथली महसुली कालगणना) असेल तर इसवी सनासाठी त्यात 590 मिळवा: फसली 1340 म्हणजे 1930-31.

घरात वयस्कर आजी असेल, तर तिच्या माहेराचं गाव, तालुका आणि वडिलांचं पूर्ण नाव आजच लिहून घ्या, आणि शोध त्या तालुक्यापासून सुरू करा.