चालकाच्या खिशातील दाखला

पूर्वी भाड्याची मोटार हवी असली, म्हणजे माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून हात करी. आता तो खिशातील मोबाइल काढतो, पडद्यावर बोट टेकवतो आणि मोटार दारी येऊन उभी राहते. मोबाइलवरील ज्या योजनेने हे घडते, तिला अ‍ॅप म्हणतात. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात २००९ साली स्थापन झालेली उबर ही कंपनी याच व्यवसायातील आहे.

वरवर पाहता हे काम किती सोपे! परंतु बोट टेकताच प्रवाशाचे ठिकाण दूरच्या एका संगणक-केंद्राला कळते, तेथे जवळच्या मोटारींचा शोध होतो आणि चालकाच्या मोबाइलवर निरोप जातो. प्रवास संपेपर्यंत मोटारीचा ठावठिकाणा त्या केंद्राकडे सारखा जात असतो.

आता अशी कल्पना करा, की एक वृद्ध बाई रात्री रुग्णालयाकडे निघाल्या आहेत आणि अर्ध्या वाटेवर ते केंद्रच बंद पडले. यंत्र म्हटले की बिघाड आलाच. मोटार काही थांबणार नाही. पण प्रवासी कोण, जायचे कोठे, भाडे किती, ही नोंद गेली तर घोटाळाच व्हायचा. दुसरे केंद्र सज्ज असते, हे खरे. परंतु क्षणोक्षणी बदलणाऱ्या असंख्य नोंदी दोन्ही केंद्रांत एकसारख्या ठेवणे अतिशय कठीण असते.

उबरच्या अभियंत्यांनी यावर योजलेला उपाय २०१५ साली जाहीर व्याख्यानात सांगितला गेला. पहिले केंद्र प्रवासाचा सारांश गुप्त लिपीत चालकाच्याच मोबाइलकडे वेळोवेळी पाठवून ठेवी. गाव बदलताना तुम्ही शाळा सोडल्याचा दाखला बरोबर नेता ना? मग जुनी शाळा बंद असली, तरी नव्या शाळेला तुमची इयत्ता कळते. हा तसाच मोहोरबंद दाखला. पहिले केंद्र बंद पडले, की मोबाइल दुसऱ्याकडे वळे. ते दाखला मागून घेई आणि प्रवास पुढे चालू राही. मोठमोठ्या यंत्रांपेक्षा मला ही साधी युक्तीच अधिक मोलाची वाटते.

अ‍ॅपची आणखी एक अडचण आहे. लाखो लोकांच्या मोबाइलवर ते एकदा जाऊन बसले, की त्यातील चूक हाताने दुरुस्त करता येत नाही. म्हणून २०१६ साली कंपनीने प्रवाशांचे अ‍ॅप नव्याने रचले, तेव्हा मोटार बोलावून प्रवास पुरा करणे हा गाभा वेगळा काढला. बाकीच्या सोयी त्याला अशा जोडल्या, की एखादी बिघडली, तर ती दुरूनच बंद करता यावी आणि गाभ्याला धक्का लागू नये. हा गाभा शेकडा ९९.९९ इतका भरवशाचा असावा, असे त्यांनी ठरविले होते. वर्षाचे तास ८,७६०; म्हणजे सबंध वर्षात तो जेमतेम ५३ मिनिटे बंद पडलेला चालेल.