ट्रामचा घोडा आणि विजेचं बिल

मुंबईच्या ट्रामचा विषय निघाला की दोन तारखा हमखास सांगितल्या जातात. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम कुलाब्याहून पायधुणीला निघाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. मधली तेहतीस वर्षं घोडा रेटत राहिला, मग वीज आली नि तो मागे पडला, असा सर्वसाधारण समज. पण घोडा वेगात हरलाच नाही. तो हरला तबेल्याच्या खतावणीत, आणि तिथे हरल्यावरही मुंबईत काही वर्षं टिकला तो कराराच्या कागदामुळे.

मुळात घोड्याच्या ट्राममध्ये नवलाचा भाग होता तो रूळ. खडबडीत रस्त्यावर जे ओझं हलता हलणार नाही, ते रुळावरून दोन घोडे ओढून नेत. मात्र जनावराची ताकद काही वाढली नव्हती. ट्रामचा घोडा दिवसातून चार-पाच तासच जुंपता येई, म्हणून प्रत्येक गाडीमागे बदलीच्या जोड्या पोसाव्या लागत. मुंबईच्या कंपनीच्या पागेत सुमारे ९०० घोडे होते. गाडी उभी असो की धावती, दाणावैरण चालूच, नालबंदी चालूच, लीद उपसणं चालूच. विजेच्या जनित्राचा खर्चही थोडाथोडका नव्हता. बॉयलर तर उभारतानाच कंबरडं मोडायचा. फरक एवढाच, की ट्रामला लागून उरलेली वीज दिव्यांना विकता येते. तबेल्यात उभ्या घोड्याची उरलेली ताकद कोणाला विकणार?

यावर कोणी म्हणेल, घोड्याला रोगराईनं आणि घाणीनं घालवलं. १८७२ मध्ये उत्तर अमेरिकेत घोड्यांत साथ पसरली, तेव्हा शहरोशहरीच्या ट्राम अडल्या हे खरं. पण साथ ओसरताच तेच घोडे पुन्हा जुंपले गेले, कारण त्यांची जागा घेईल असं काही हाताशी नव्हतं. ते पुढं आलं. बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डला सीमेन्सची विजेची ट्राम १८८१ मध्ये सुरू झाली आणि अमेरिकेतल्या रिचमंडला फ्रँक स्प्रेगनं १८८८ मध्ये चढउतारांच्या रस्त्यांवर गावभर विजेच्या गाड्या फिरवून दाखवल्या. तरी न्यूयॉर्कमध्ये घोड्याची शेवटची ट्राम बंद झाली १९१७ साली! मॅनहॅटनमध्ये डोक्यावरून तारा न्यायला मनाई होती आणि जमिनीखालून वीज नेणं तुरळक उतारूंच्या मार्गाला परवडत नव्हतं. घाण तिथंही होतीच की.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वसाहतीतल्या शहरात नवं यंत्र उशिराच यायचं, मुंबईचा उशीर त्यातलाच. पण मद्रासमध्ये विजेची ट्राम १८९५ मध्येच धावली होती, कलकत्त्यात १९०२ मध्ये. मुंबईच्या ट्राम कंपनीनंही १८९९ मध्ये पालिकेकडे विजेसाठी अर्ज केला होता. घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. ट्रामच्या कायद्यानुसार १९०१ मध्ये हा सारा व्यवसाय विकत घेण्याचा हक्क पालिकेला मिळणार होता. उद्या दुसऱ्याच्या हाती जाणाऱ्या धंद्यात आज एवढी मोठी रक्कम कोण ओतणार? पालिकेनं हक्क सोडावा, असं कंपनी म्हणाली. पालिकेनं उलट कंपनीच ताब्यात घ्यायचं ठरवलं आणि प्रकरण कायद्याच्या गुंत्यात सापडलं. पालिकेला यात दोष देणं सोपं आहे, पण शहराच्या रस्त्यांवरचा हक्क फुकट सोडणं हा काही शहाणपणा नव्हता.

सुटका झाली ती १९०५ मध्ये. जुनी ट्राम कंपनी, पालिका आणि वीज पुरवठ्याचा परवाना मागणाऱ्या इंग्रज कंपनीची प्रतिनिधी असलेली ब्रश इलेक्ट्रिकल, अशा तिघांत करार झाला. त्यातून निघालेल्या कंपनीचं नाव होतं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज, म्हणजेच ‘बेस्ट’. नावात वीजपुरवठा आधी, ट्राम नंतर. पालिकेनं ही कंपनी ताब्यात घेतली १९४७ मध्ये. शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती ३१ मार्च १९६४ रोजी. रूळ गेले, तारा उतरल्या. मुंबई शहर भागात त्याच ‘बेस्ट’चं विजेचं बिल मात्र घरोघर येत राहिलं.