आडातले पोहऱ्यात : ध्वनिमुद्रिकेची कहाणी



आमच्या लांज्याहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की राजापूर, कणकवली, सावंतवाडी ही गावे मागे टाकीत आपण गोव्यात पोचतो. तेथे फोंडा तालुक्यात केरी नावाचे गाव आहे. केसरबाई केरकर या थोर गायिकेचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी या केरीत झाला. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ हे त्यांचे गुरू. खाँसाहेब १९४६ साली मुंबईत वारले. त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. ते कसे गात, हे आता आपल्याला केवळ आठवणींवरून आणि त्यांच्या शिष्यांच्या गाण्यावरून ताडावे लागते.

शिष्येच्या आवाजाचे मात्र निराळेच झाले. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अवकाशात सोडली. दोन्ही यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तीत जगभरचे सुमारे ९० मिनिटांचे संगीत आणि ५५ भाषांतील शुभेच्छा आहेत. त्या भाषांत आपली मराठीही आहे. भारतीय संगीतासाठी निवड झाली ती केसरबाईंनी गायिलेल्या भैरवीची. तिची लांबी साडेतीन मिनिटे. पहिले यान सुटल्यानंतर महिना उलटण्याच्या आतच, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या. व्हॉयेजर-१ आज पृथ्वीपासून २४०० कोटी किलोमीटरांहूनही दूर गेले आहे.

गुरूचा आवाज कोठेच नाही आणि शिष्येचा आवाज ताऱ्यांच्या वाटेवर आहे! हा फरक घडवला तो एका खाचेने. ही खाच आवाज कसा धरून ठेवते, किती धरते आणि काय सांडून देते, ते आज आपण पाहू.

एका स्वरात किती स्वर?

समजा, एखादी गायिका २२० हर्ट्झ कंप्रतेचा षड्ज लावते आहे. तुम्हाला वाटेल, हवेत फक्त २२० हर्ट्झची कंपने उठत असतील. तसे नाही. त्याबरोबरच ४४०, ६६०, ८८०, ११०० अशा पटीतल्या कंप्रताही उमटतात. त्यांना उपस्वर म्हणतात. तंबोरा नीट जुळला म्हणजे षड्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो आणि गवई त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. तो म्हणजे याच मालिकेतला पाचवा, ११०० हर्ट्झचा उपस्वर.

कोणता उपस्वर किती जोरकस, यावरून आवाजाचा पोत ठरतो. सनई आणि बासरी एकाच पट्टीत वाजली तरी आपण त्यांत गल्लत करीत नाही, ती यामुळेच. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. म्हणजे गाणे जसेच्या तसे टिपायचे, तर एवढा सगळा पल्ला टिपला गेला पाहिजे.

कर्णा आणि मेण

एडिसनने १८७७ साली कथलाच्या वर्खावर आवाज कोरून तो पुन्हा ऐकवला. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, एमिल बर्लिनरने गोल नळकांड्याऐवजी सपाट तबकडी वापरण्याची युक्ती काढली. एका साच्यावरून हव्या तितक्या तबकड्या छापता येऊ लागल्या आणि गाणे घरोघर जाण्याची वाट मोकळी झाली.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग हा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायिकेने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी गायचे. कर्ण्याच्या टोकाला एक पातळ पडदा असे. हवेतील कंपनांनी तो थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर वेडीवाकडी खाच कोरीत जाई. एवढे सगळे काम गायिकेच्या श्वासातील ऊर्जेवर चाले, तिला बाहेरून कसलीही मदत नसे. गाणे संपताच गौहरजान स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. हे मेणाचे मूळ मुद्रण छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जाई. गाणे कोणाचे, हे तेथल्या कारागिरांना कळावे म्हणून ही सोय होती.

या पद्धतीत साधारणपणे २०० ते २,५०० हर्ट्झ एवढाच पल्ला हाती लागे. आपल्या २२० हर्ट्झच्या षड्जाचे पहिले दहा-अकरा उपस्वर खाचेत उतरत, पुढचे गळून पडत. ‘स’ आणि ‘श’ या व्यंजनांतील मुख्य ध्वनी याहून पुष्कळ वरच्या कंप्रतेचे असतात. म्हणून जुन्या तबकडीवरील शब्द आपल्याला नीट कळत नाहीत. त्यात गाणाऱ्याचा दोष नाही.

तीन मिनिटांचे कोडे

जुनी गाणी तीन-सव्वातीन मिनिटांतच का आटोपतात, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. उत्तर भूमितीत आहे. पंचवीस सेंटीमीटर व्यासाच्या तबकडीवर खाच साधारण १२ सेंटीमीटर त्रिज्येपासून सुरू होऊन ५ सेंटीमीटर त्रिज्येपर्यंत आत येते. म्हणजे जागा फक्त ७ सेंटीमीटरांची. दर सेंटीमीटरला सुमारे ३६ वळणे धरली, तर एकूण २५० वळणे झाली. तबकडी मिनिटाला ७८ फेरे फिरते. २५० ला ७८ ने भागा. उत्तर येते ३.२ मिनिटे!

मग तबकडी सावकाश का फिरवायची नाही? फिरत्या तबकडीची बाहेरच्या कडेजवळची गती सेकंदाला सुमारे ९८ सेंटीमीटर असते. ५,००० हर्ट्झच्या ध्वनीची एकेक लाट त्या गतीत खाचेतील ०.२ मिलिमीटर जागा घेते. फेरे निम्म्यावर आणले तर लाटेला जागाही निम्मीच मिळेल आणि जाड सुई त्या बारीक वळणांत शिरणारच नाही. वेळ वाढवावा तर उपस्वर जातात, उपस्वर राखावेत तर वेळ पुरत नाही. तास-दीड तास राग मांडणाऱ्या गवयांना तो सव्वातीन मिनिटांत बसवावा लागला, तो या हिशोबामुळे.

कोशिंबावरची लाख

आता तबकडीच्या द्रव्याकडे वळू. जुन्या तबकड्या लाखेच्या असत. कोशिंब, पळस, बोर अशा झाडांवर वाढणारे लाखेचे किडे जे राळेसारखे द्रव्य स्रवतात, ते शुद्ध केले की चपडा लाख मिळते. तीत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तबकडी छापीत. दगडाची पूड मुद्दामच घालीत. पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची होई आणि खाच टिके. पण त्या पुडीचे कण सुईला सतत खरखरवीत. जुन्या तबकडीतून येणारी खरखर ती हीच.

आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना वर्गात मागच्या बाकावर शिक्षकांचे बोलणे ऐकू येत नाही, हे लांज्यातील विद्यार्थ्यांना सांगायला नको. शिक्षकांचा आवाज कमी झालेला नसतो, पावसाचा वाढलेला असतो. ध्वनिमुद्रणातही हवा असलेला ध्वनी आणि नको असलेली खरखर यांचे गुणोत्तर महत्त्वाचे. गाण्यातील अगदी हळुवार जागा त्या खरखरीखाली बुडून जातात.

वीज मदतीला आली

१९२५ साली विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू झाले. मायक्रोफोन ध्वनीचे विद्युतप्रवाहात रूपांतर करी, वर्धक तो प्रवाह वाढवी आणि मग खाच कोरली जाई. पल्ला ५,००० हर्ट्झपर्यंत व पुढे त्याहूनही वर गेला. कर्ण्यात ओरडण्याची गरज उरली नाही. १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आली. ती व्हिनिल या गुळगुळीत प्लॅस्टिकची होती. दगडाची पूड गेली, तिच्याबरोबर खरखरही पुष्कळशी गेली. सुई बारीक झाली, म्हणून खाचाही बारीक झाल्या आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे गाणे मावू लागले. १९५८ च्या सुमारास एकाच खाचेच्या दोन भिंतींवर डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळे ध्वनी कोरलेल्या स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या.

१९८२ साली काँपॅक्ट डिस्क आली, तेव्हा खाचेऐवजी आकडे आले. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहून ठेवायची, अशी ही रीत. एवढ्या वेळा कशासाठी? एखादी लहर आकड्यांवरून पुन्हा उभी करायची, तर तिच्या कंप्रतेच्या दुपटीहून जास्त वेळा तिचे मोजमाप घ्यावे लागते. आपला कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्याची दुप्पट ४०,०००. वर थोडी मोकळीक ठेवली आहे.

आता आणखी एक युक्ती आपल्या खिशातील फोनमध्ये आहे. ढोल वाजत असताना शेजारची कुजबुज ऐकू येत नाही. मोठ्या ध्वनीखाली जे झाकले जाते, ते साठवायचेच नाही, अशा रीतीने एमपी३ सारख्या पद्धती गाण्याची नोंद लहान करतात. काटकसर बेताची असेल तर फरक ओळखणे कठीण. फार केली तर झांज आणि तंबोरा प्रथम बिघडतात.

हाय-फाय म्हणजे काय?

‘हाय फिडेलिटी’ याचा अर्थ मुळाशी अधिकाधिक इमान राखणे. मोठा आवाज म्हणजे हाय-फाय, ही समजूत चुकीची आहे. इमानाच्या कसोट्या मुख्यतः तीन. एक, सर्व कंप्रता मुळात होत्या त्याच प्रमाणात उमटतात का? दोन, खरखर किती? तीन, मुळात नसलेले काही नवेच ध्वनी मिसळले जातात का?

तिसरी कसोटी गणेशोत्सवात सहज तपासता येते. वर्धकाला झेपेल त्याहून आवाज वाढवला की लहरींचे माथे कापले जातात. गोल माथ्याची लहर चपट्या माथ्याची झाली म्हणजे तिच्यात नवेच उपस्वर शिरतात, आणि गोड गळाही चिरका वाटू लागतो. आवाज वाढतो पण गाणे बिघडते. शिवाय ८५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज रोज तासन्‌तास ऐकल्यास कानातील पेशी कायमच्या मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. मग कितीही महाग यंत्र आणले तरी उपयोग काय?

खोलीचाही यात वाटा असतो. रिकाम्या, सिमेंटच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या खोलीत ध्वनी पुन्हा पुन्हा परावर्तित होऊन स्वर एकमेकांत मिसळतात. तेथे दोन गोधड्या टांगा आणि सतरंजी अंथरा. तेच यंत्र सुधारल्यासारखे वाटेल.

मात्र या सर्वांच्या मुळाशी एक नियम आहे आणि तो आपल्या म्हणीतच सांगितलेला आहे : आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? व्हॉयेजरवरील तबकडी सोन्याने मढवलेली आहे. पण केसरबाईंचे मूळ मुद्रण झाले तेव्हा मायक्रोफोनने जे टिपले, त्याहून अधिक ती काही देऊ शकत नाही. जो उपस्वर खाचेत उतरलाच नाही, तो कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही. म्हणून मूळ मुद्रण आणि त्याची जपणूक यांना सर्वांत अधिक मोल आहे.

माळ्यावरच्या तबकड्या

व्हॉयेजरसाठी ही भैरवी हवी होती, तेव्हा ती तबकडी बाजारात मिळेनाशी झाली होती. पुष्कळ शोधाशोध केल्यावर तिच्या प्रती न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडल्या. कोणी जपून ठेवल्या म्हणूनच त्या मिळाल्या.

तुमच्या गावातही एखाद्या घरी माळ्यावर किंवा ट्रंकेत जुन्या तबकड्या असतील. कोकणातील पावसाळी दमट हवेत त्यांवर बुरशी धरते. त्या आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उन्हापासून आणि चुलीपासून दूर ठेवा. लाखेची तबकडी स्पिरिटने मुळीच पुसू नका. लाख त्यात विरघळते आणि खाचेसह गाणेही जाते. शुद्ध पाण्यात किंचित भिजवलेल्या मऊ फडक्याने खाचेच्या दिशेने पुसा आणि लगेच कोरडी करा. जड पोलादी सुई दर वेळी खाच थोडी झिजवते, म्हणून जुनी तबकडी हौसेखातर वरचेवर वाजवू नये. हलक्या, योग्य जाडीच्या सुईने एकदा नीट वाजवून तिची आकड्यांतील नोंद करून घ्यावी.

शिक्षकांच्या मदतीने तुमच्या वर्गाने गावातील अशा तबकड्यांची यादी केली, तर तो उत्तम प्रकल्प होईल. लेबलावरील गायकाचे नाव, कंपनी आणि क्रमांक लिहून घ्या. त्यांतील एखादी प्रत दुसरीकडे कोठेच उरलेली नसेल, असेही होऊ शकते.

करून पाहा

१. तबला आणि तंबोरा असलेले एखादे गाणे आधी फोनवर आणि मग चांगल्या हेडफोनवर, आवाज बेताचा ठेवून ऐका. फोनवर डग्ग्याचे काय होते? फोनच्या लहानशा पडद्याला कमी कंप्रतेचे ध्वनी का झेपत नाहीत?

२. फोन टेबलावर, रिकाम्या पातेल्यात आणि गोधडीवर ठेवून तेच गाणे ऐका. फरक लिहून काढा.

३. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची १२ आणि ५ सेंटीमीटर त्रिज्येवरील गती काढा. ५,००० हर्ट्झच्या लाटेला आतल्या कडेजवळ किती जागा मिळते? गाणे संपत येताना वरचे उपस्वर अधिक पुसट का होतात, ते आता तुम्हाला सांगता येईल.

४. व्हॉयेजरवरील तबकडी मिनिटाला १६⅔ फेरे घेते. लाँग प्लेच्या मानाने यात फायदा कोणता आणि तोटा कोणता?