काळजाचा तुकडा आणि कोरोनाची सांथ

मराठी भाषेंत काळीज हा शब्द मोठा गमतीचा आहे. बोलण्यांत त्याचा अर्थ हृदय. पण खाटकाकडे काळीज मागितलें तर तो यकृत तोलून देतो. आई मुलाला काळजाचा तुकडा म्हणते तेव्हां ती यांपैकीं कोणत्या अवयवाविषयीं बोलते, हा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु १९९८ सालीं दिल्लीच्या अपोलो रुग्णालयांत एका बापानें आपल्या यकृताचा एक भाग खरोखरीच आपल्या लहानग्या मुलास दिला. भारतांत लहान मुलावर यशस्वी झालेलें हें पहिलें यकृतरोपण होय. त्या वेळीं मुलगा दोन वर्षांचाही नव्हता. तो वांचला, वाढला आणि पुढें स्वतःच डॉक्टर झाला.

या गोष्टीस आतां पाव शतकाहून अधिक काळ लोटला. १९९४ च्या अवयवरोपणाच्या कायद्यानें, मेंदू मृत झालेल्या मनुष्याचे अवयव आप्तांच्या संमतीनें दुसऱ्यास देण्याची वाट मोकळी केली. महाराष्ट्रांत मुंबई, पुणें, नागपूर आणि छत्रपति संभाजीनगर येथें अशा अवयवांच्या वांटपाचीं केंद्रें उभीं राहिलीं. शस्त्रक्रिया शहरांत होते. पण रुग्ण बरा झाला म्हणजे आपल्या गांवीं परततो. बीड जिल्ह्यांतील अंबेजोगाई तालुक्यांत घाटनांदूर हें गांव आहे. परळी वैजनाथ आणि लातूर रोड यांच्या मधल्या लोहमार्गावर त्याचें स्थानक आहे. दुसऱ्याचें यकृत पोटांत वागविणारा एखादा मनुष्य तेथें राहत आहे, अशी क्षणभर कल्पना करावी. २०२० सालच्या मार्च महिन्यांत त्याच्यापुढें कोणतें संकट उभें राहिलें असतें, आणि त्यांतून जाण्याची खरी वाट कोणती होती, हें शहरांतील कुटुंबांनींही समजून घेण्यासारखें आहे. कारण असा मनुष्य आतां कोणाच्याही नात्यांत किंवा शेजारांत निघूं शकतो.

यकृत हा शरीरांतील मोठा कारखाना आहे. अन्नरसावर संस्कार करणें, पित्त तयार करणें, रक्त गोठविणारीं द्रव्यें बनविणें, औषधें व विषें यांचा निचरा करणें, हीं सारीं कामें तेथें चालतात. कांहीं प्रकारची कावीळ, मद्य, सांचलेली चरबी किंवा जन्मजात दोष यांमुळें हा कारखाना कायमचा बंद पडला, तर त्याचें काम वर्षानुवर्षें चालवील असें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं. मूत्रपिंडें निकामी झालेला रुग्ण डायालिसिसच्या आधारानें वर्षें काढतो. यकृताच्या रुग्णास तशी सोय नाहीं. म्हणून शेवटीं दुसऱ्याचें यकृत हाच उपाय उरतो.

परंतु नवें यकृत शरीरांत येतें तें घराण्यांत दत्तक आलेल्या मुलासारखें. तें घरचें सगळें काम पाहतें. तरी भाऊबंद त्यास आपलें मानीत नाहींत. शरीराचे हे भाऊबंद म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशी. परक्यास ओळखून त्याच्यावर तुटून पडणें हा त्यांचा धर्म. रोगजंतु परका, तसेंच दुसऱ्याचें यकृतही परकें. त्यांच्या लेखीं फरक नाहीं. अमेरिकेंतील डेनव्हर येथें टॉमस स्टार्झल यांनीं १९६३ सालीं मनुष्याच्या शरीरांत यकृत बसविण्याचा पहिला प्रयत्न केला, तेव्हां रुग्ण वांचला नाहीं. १९६७ सालीं त्यांना पहिलें यश आलें. पण हें यश सर्वसाधारण होण्यास पांढऱ्या पेशींना आंवरणारीं चांगलीं औषधें निघावीं लागलीं. त्यांतील सर्वांत प्रमुख औषध टॅक्रोलिमस. जपानांतील त्सुकुबा येथील मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्म जंतूपासून तें १९८४ सालीं मिळालें. आज यकृतरोपण झालेले बहुतेक रुग्ण हेंच औषध रोज, ठरलेल्या घटकेस घेतात. कित्येकांस जोडीला मायकोफेनोलेट किंवा स्टेरॉइड असतें. हीं औषधें भाऊबंदांस ठार करीत नाहींत. दत्तकास त्यांनीं नांदूं द्यावें एवढीच तडजोड घडवून आणतात. ही तडजोड बहुतेकांस जन्मभर पाळावी लागते.

अशा स्थितींत कोरोना आला. ३० जानेवारी २०२० रोजीं केरळांत भारतांतील पहिला रुग्ण आढळला. ९ मार्चला पुण्यांत महाराष्ट्रांतील पहिले रुग्ण सांपडले. २२ मार्चपासून प्रवासी आगगाड्या थांबल्या आणि २५ मार्चपासून सर्व देशांत टाळेबंदी झाली. घाटनांदूरच्या स्थानकावर गाडी नाहीं, रुग्णालय शेंकडों मैलांवर, आणि खेड्यांतल्या औषधाच्या दुकानांत टॅक्रोलिमसची गोळी मिळण्याची शाश्वती नाहीं! त्यांतच शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला सुरू होणार: "या गोळ्या प्रतिकारशक्ति मारतात ना? मग सांथ आहे तोंवर त्या बंद ठेवाव्या." हा सल्ला वरवर अगदीं तर्कशुद्ध दिसतो. खरा धोका या तर्कांतच होता.

कोरोनाचा विषाणु नाकाघशांतून शिरतो आणि पहिल्या आठवड्यांत आपली संख्या वाढवितो. पुष्कळांचा आजार तेथेंच ओसरतो. ज्यांची प्रकृति दुसऱ्या आठवड्यांत ढासळते, त्यांच्या बाबतींत मात्र फुफ्फुसांची हानि एकट्या विषाणूमुळें होत नाहीं. चवताळलेली प्रतिकारशक्तिच आपल्या घराची मोडतोड करूं लागते. याचा पुरावा जून २०२० मध्यें ब्रिटनमधील मोठ्या चिकित्सा-प्रयोगानें दिला. डेक्सामेथासोन हें प्रतिकारशक्ति आंवरणारें जुनें व स्वस्त औषध दिल्यानें, श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णांतील मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें कमी झाले. म्हणजे प्रतिकारशक्ति दाबणें हें आरंभीं तोट्याचें असलें, तरी पुढच्या टप्प्यांत तेंच तारक होऊं शकतें. रोज गोळ्या घेणाऱ्या रुग्णांचें काय होईल, हें केवळ तर्कानें ठरणें शक्य नव्हतें. तें मोजूनच पाहावें लागणार होतें.

पहिली सूचना इटलींतून आली. लोंबार्डी प्रांतांतील एका रोपणकेंद्राच्या देखरेखीखालीं, शस्त्रक्रियेस बरींच वर्षें झालेले १११ रुग्ण होते. त्यांतील तीन कोरोनानें दगावले. तिघेही पासष्टीच्या पुढचे पुरुष, वजनानें जड, रक्तदाबाचीं औषधें घेणारे. विशेष हें कीं, त्यांचीं प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें पूर्वींच पुष्कळ कमी केलेलीं होतीं. उलट, शस्त्रक्रियेस दोन वर्षेंही न झालेल्या आणि पूर्ण मात्रा घेणाऱ्या ४० रुग्णांपैकीं तिघांना लागण झाली, पण ते विनासायास बरे झाले. संख्या लहान होती. तरी वैद्यांना विचार करावयास तिनें भाग पाडलें.

त्यानंतर १८ देशांतील १५१ यकृतरोपित रुग्णांची माहिती एकत्र करण्यांत आली. कोरोना झालेल्या या रुग्णांपैकीं शेंकडा १९ मरण पावले. रोपण न झालेल्या ६२७ रुग्णांशीं तुलना केली, तों त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा २७ होतें. यावरून रोपण हें कवच आहे असें मात्र कोणीं समजूं नये. तुलनेच्या गटांतील लोक वयानें बरेच मोठे होते. वय आणि इतर व्याधि यांचा हिशेब धरल्यावर निष्कर्ष एवढाच निघाला, कीं केवळ रोपण झालें म्हणून मृत्यूचा धोका वाढत नाहीं. तो वाढतो उतार वयामुळें, मूत्रपिंडाच्या विकारामुळें आणि कर्करोगासारख्या जोडव्याधींमुळें. तरी शेंकडा १९ हा आंकडा थोडा नव्हे. स्पेनमधील १११ रुग्णांच्या पाहणींत असेंही दिसलें, कीं या लोकांना लागण इतरांच्या सुमारें दुप्पट प्रमाणांत होते. म्हणून निर्धास्त राहण्यास जागा नाहीं. घाबरून औषध सोडण्यासही नाहीं.

याच पाहणींत आणखी एक बारकावा दिसून आला. मायकोफेनोलेट घेणाऱ्यांत, विशेषतः त्याची मात्रा मोठी असलेल्यांत, आजार अधिक तीव्र झाला. उलट युरोपांतील २४३ रुग्णांच्या अभ्यासांत टॅक्रोलिमस चालू असलेल्यांचें जगण्याचें प्रमाण अधिक आढळलें. तेव्हां सगळ्या गोळ्या एका मापानें मोजतां येत नाहींत. एक कमी करावी, दुसरी चालू ठेवावी, असा निर्णय घ्यावा लागतो; आणि तो रोपण करणाऱ्या वैद्यानें घ्यावयाचा असतो, शेजाऱ्यानें नव्हे आणि रुग्णानेंही नव्हे. गोळ्या अचानक सोडल्या तर भाऊबंदांना मोकळें रान मिळतें आणि दत्तकाच्या जिवावर बेततें. कोरोनातून वांचून यकृत गमावण्यांत कसला आला शहाणपणा?

गोळ्या सोडण्याच्या सल्ल्याचा जुळा भाऊ म्हणजे काढ्याचा सल्ला. सांथीच्या काळांत घरोघर गुळवेलीचे काढे उकळूं लागले. प्रतिकारशक्ति वाढते ही समजूत त्यामागें होती. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे असे सहा रुग्ण आले, कीं ज्यांच्या यकृतास गुळवेल घेतल्यानंतर इजा झाली होती. आयुष मंत्रालयानें या निष्कर्षास हरकत घेतली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असें त्याचें म्हणणें होतें. पुढें देशांतील १३ केंद्रांनीं अशाच ४३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. वाद वनस्पतीच्या ओळखीचा असो वा गुणाचा. यकृतरोपित मनुष्यापुरता प्रश्न निराळाच आहे. काढ्यानें प्रतिकारशक्ति वाढत नसेल तर तो निरुपयोगी. आणि जाहिरातींत म्हटल्याप्रमाणें खरोखरच वाढत असेल, तर तो भाऊबंदांना दत्तकाविरुद्ध चेतविणार! दोन्ही पक्षीं काढा न घेणें हेंच बरें.

तिसरा धोका याहून कमी ठाऊक असलेला आहे. टॅक्रोलिमसचा निचरा आंतडें व यकृत यांतील एका पाचक द्रव्याकडून होतो. कोरोनावर निघालेल्या पॅक्सलोविड या औषधांतील रिटोनाविर हा घटक तेंच द्रव्य रोखून धरतो. मग रक्तांतील टॅक्रोलिमस कित्येक पटींनीं चढतें आणि मूत्रपिंडांस अपाय होतो. बुरशीच्या रोगावरील कांहीं गोळ्या, कांहीं प्रतिजैविकें, इतकेंच काय पण ग्रेपफ्रूट आणि आपलें पपनसही याच मार्गानें गोंधळ करूं शकतें. शिवाय या रुग्णांत कोरोना पुष्कळदां जुलाबांच्या रूपानें प्रकट होतो, आणि जुलाबांनींही टॅक्रोलिमसचें प्रमाण वाढतें. यास्तव आजाराच्या दिवसांत रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते, आणि प्रत्येक डॉक्टरास "माझें यकृतरोपण झालें आहे" हें रुग्णानें पहिल्याच वाक्यांत सांगावें लागतें.

राहिला लशीचा प्रश्न. १ मार्च २०२१ पासून सरकारनें साठ वर्षांवरील सर्वांस आणि ४५ वर्षांवरील व्याधिग्रस्तांस लस देण्यास आरंभ केला. त्या व्याधींच्या यादींत यकृतरोपण झालेले आणि त्याची वाट पाहणारे, या दोघांचाही समावेश होता. पुण्यांत तयार झालेली कोव्हिशील्ड किंवा मारलेल्या विषाणूपासून केलेली कोव्हॅक्सिन, यांपैकीं कोणतीही लस शरीरांत वाढूं शकत नाहीं. म्हणून या रुग्णांस तिच्यापासून कोरोना होण्याची भीति नव्हती. उणीव दुसरीच होती. आंवरून धरलेले भाऊबंद लशीचा धडाही अर्धवटच शिकतात. इस्रायलमध्यें ८० यकृतरोपित रुग्णांस फायझरच्या दोन मात्रा दिल्या, तेव्हां त्यांतील अर्ध्याहून थोड्या कमी लोकांच्याच रक्तांत पुरेशीं प्रतिद्रव्यें आढळलीं. निरोगी माणसांत तीं सर्वांच्या रक्तांत होतीं. फ्रान्समधील तुलूझ येथें निरनिराळे अवयव मिळालेल्या रुग्णांस तिसरी मात्रा दिल्यावर प्रतिद्रव्यें असलेल्यांचें प्रमाण शेंकडा ४० वरून ६८ वर गेलें. वर्गांतला एखादा मुलगा धडा तिसऱ्यांदां वाचल्यावर शिकतो, तशांतला हा प्रकार. तरी कांहीं जण कोरेच राहतात. त्यांचें रक्षण त्यांच्या दंडांतील लशीनें होत नाहीं. तें घरांतल्या इतर माणसांनीं लस घेतल्यानें होतें. बाहेरून आलेल्या सुनेनें हात धुणें, खोकणाऱ्या नातवानें आजोबांच्या खोलींत न जाणें, पाहुण्यानें तोंडास पट्टी बांधणें, हीच त्यांची खरी तटबंदी.

५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. विषाणु मात्र गेलेला नाहीं. तो माणसांत वस्ती करून राहिला आहे. त्यामुळें घाटनांदूरच्या त्या कल्पित मनुष्यास सांथीच्या काळांत जे नियम पाळावे लागले असते, ते आजही उपयोगी आहेत. गोळ्यांचा एक महिन्याचा अधिक सांठा घरांत ठेवावा, म्हणजे गाडी बंद पडली तरी औषध बंद पडत नाहीं. दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला दूरध्वनीवरून घ्यावा; मार्च २०२० मध्यें सरकारनें त्यासाठीं रीतसर नियमावली काढलेली आहे. ताप, जुलाब किंवा दम यांपैकीं कांहींही झालें तरी लवकर तपासणी करावी. तातडीच्या वेळीं अंबेजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय तालुक्यांतच आहे. तेथें जातांना औषधांची यादी खिशांत असावी.

ज्यानें आपल्या काळजाचा तुकडा दिला, तो दाता कधीं बाप असतो, कधीं बहीण असते, आणि कधीं तो कधींच न पाहिलेला, जगांतून निघून गेलेला मनुष्य असतो. त्याच्या आप्तांनीं शोकाच्या ऐन क्षणीं होकार दिलेला असतो. त्या देणगीचें जतन शस्त्रक्रियेच्या एका दिवसानें पुरें होत नाहीं. रोज सकाळीं व संध्याकाळीं, ठरल्या घटकेस, एक लहानशी गोळी न चुकतां घेतली जाते, तेव्हां तें होत असतें. सांथ आली म्हणून तो नेम मोडावयाचा नसतो. सांथींत तर तो अधिकच सांभाळावयाचा असतो.