समुद्रातील राखीव कुरण

गावच्या कुरणात सर्वांची गुरे बारमाही मोकळी सोडली, तर थोड्याच वर्षांत तेथे गवताचे बीही उरत नाही, हा अनुभव शेतकरी बांधवांना नवा नाही. म्हणूनच जाणती गावे कुरणाचा काही भाग राखून ठेवतात. किनाऱ्यालगतच्या समुद्रासही हाच नियम लागू पडतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेस क्लाइडच्या आखातात असलेल्या ॲरन बेटाची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे.

ट्रॉलर ही यांत्रिक नौका आपले जाळे समुद्राच्या तळावरून ओढीत नेते. त्यात मोठ्या मासळीबरोबर लहान पिलेही सापडतात. स्कॅलॉप जातीचे शिंपले काढण्यासाठी तर लोखंडी दातांची चौकट तळावरून ओढतात. शेतातील दाताळ्याप्रमाणे ती तळ खरवडून काढते. या धोक्याची जाणीव तेथे जुनीच होती. १८८९ च्या कायद्याने किनाऱ्यापासून ३ मैलांच्या आत ट्रॉलरना मज्जाव करण्यात आला होता. हे बंधन १९८४ मध्ये उठविण्यात आले.

परिणाम दिसण्यास फार काळ लागला नाही. मासेमारीचा भार आधीच वाढत चालला होता. आता किनाऱ्याचा आसराही गेला. कॉड, हॅडॉक यांसारखी तळाची मासळी इतकी घटली की, तिच्यावर चालणारा धंदा जवळजवळ संपुष्टात आला. ॲरनवरील लॅमलॅश उपसागरात गळाने मासे धरण्याच्या स्पर्धा भरत असत. मासेच मिळेनासे झाल्यामुळे १९९० नंतरच्या दशकात त्याही बंद पडल्या. उपसागराच्या तळाशी मर्ल नावाच्या कठीण, गुलाबी शेवाळाचे थर आहेत. शिंपल्यांची पिले त्यांच्या आश्रयाने वाढतात. हे शेवाळ वर्षाला सुमारे १ मिलिमीटर एवढेच वाढते. म्हणजे एका फेरीत मोडलेला थर भरून येण्यास कित्येक पिढ्या लागणार!

बेटावरील दोन पाणबुड्यांनी हा नाश प्रत्यक्ष पाहिला आणि १९९५ मध्ये रहिवाशांची संस्था उभी केली. सरकारचे मन वळविण्यात तिची १३ वर्षे गेली. मासेमारांचा विरोध अनाठायी होता असेही नव्हे. पाणी बंद झाले तर आज चूल कशी पेटणार, ही त्यांची चिंता खरी होती. अखेर सप्टेंबर २००८ मध्ये उपसागराचा सुमारे २६७ हेक्टर भाग सर्व प्रकारच्या मासेमारीस बंद झाला. बंदी केवळ परक्या ट्रॉलरना नव्हती. बेटावरील पिंजरेवाल्यांना व गळवाल्यांनाही ती पाळावी लागली.

फळ हळूहळू मिळाले. राखीव भागातील स्कॅलॉपची दाटी २०१३ ते २०१९ या काळात तिपटीहून अधिक वाढली. शेवंडीही संख्येने व आकाराने वाढल्या. मोठी मादी अधिक अंडी घालते, हे येथे ध्यानात घ्यावे. खूण केलेल्या काही शेवंडी बाहेरच्या पाण्यातही सापडल्या. म्हणजे राखलेल्या ठेवीचे व्याज शेजारच्या मासेमारांच्या पदरात पडू लागले. पुढे २०१६ मध्ये बेटाच्या दक्षिणेकडील सुमारे २८० चौरस किलोमीटर संरक्षित क्षेत्रात तळ खरवडण्यास पूर्ण बंदी झाली व ट्रॉलरवर कडक मर्यादा आल्या.

महाराष्ट्रातही १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागू आहे आणि पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी असते. किनाऱ्यावरील गावांत काम करणाऱ्या ग्रामसेवकांनी या नियमांमागील कारण मासेमार बांधवांस समजावून द्यावे. राखीव पाण्याचा लाभ दिसण्यास काही वर्षे लागतात, हे आरंभीच स्पष्ट सांगावे. नियम मोठ्या नौकेस एक व लहान होडीस दुसरा असे कोणास वाटू देऊ नये. पेरणीचे बियाणे घरात ठेवून उपवास काढणारा शेतकरी आपण पाहिला आहे. समुद्राचे बियाणेही तसेच राखावयास हवे. मात्र ते एकट्याने राखून भागत नाही, साऱ्या गावाने राखावे लागते.