ना ओळख ना पाळख, तरी गोतावळा

मॅस्टोडॉनवर नवं खातं उघडणाऱ्याचे पहिले काही तास फार शुकशुकाटात जातात. इतर समाजमाध्यमं नवख्याच्या पुढ्यात लगेच क्रिकेट, सिनेमा आणि भांडणं यांचं भरलेलं ताट ठेवतात. इथे कुणी काही वाढत नाही. यूजेन रॉच्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ साली हे माध्यम सुरू केलं, आणि कुणाला काय दाखवायचं हे परस्पर ठरवणारं अल्गोरिदम त्यात मुद्दामच ठेवलं नाही. ज्यांना फॉलो कराल त्यांचंच लिखाण दिसणार. कुणालाच फॉलो केलं नसेल, तर पडदा कोरा.

त्यामुळे तिथे एक रिवाज पडला. नव्या माणसाने पहिल्या पोस्टमध्ये स्वतःविषयी चार ओळी लिहायच्या, खाली #इंट्रोडक्शन असा टॅग लावायचा आणि ती पोस्ट आपल्या पानावर वरच टाचून ठेवायची. मुरलेली मंडळी हा टॅग अधूनमधून उघडून बघतात, नव्यांचं स्वागत करतात. पण खरं काम होतं ते त्या चार ओळींत पेरलेल्या बाकीच्या टॅगांनी. समजा, कुणी लिहिलं की मला वाचन, संगीत आणि प्रवास आवडतो. त्यावर काय बोलणार? त्याऐवजी एखादीने लिहावं की नुकतंच क्रोशाचं विणकाम शिकायला घेतलंय, गोल रुमाल करायला जाते आणि त्याची वाटी होते. सोबत फोटो आणि #क्रोशे. मग विणणाऱ्या बायकांना (आणि पुरुषांनाही, त्यांची संख्या वाटते तितकी कमी नसते) राहवत नाही. खांब कमी पडतायत, दर फेरीत वाढवत चला, असं कुणीतरी सांगतंच. ओळख अशी अडलेल्या कामातून होते.

मॅस्टोडॉनवर टॅगला एवढं वजन येण्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. बरीच वर्षं तिथे सगळ्यांच्या पोस्टमधला कुठलाही शब्द शोधायची सोयच नव्हती; शोधता यायचे ते टॅग. हेही जाणूनबुजून केलेलं. नाहीतर एखाद्या शब्दावर पाळत ठेवून अनोळखी माणसांच्या गप्पांत घुसायचं आणि वाद उकरायचा, हा उद्योग सोपा होतो. टॅग लावला म्हणजे ‘या, बोला’ असं लिहिणाऱ्याने स्वतः सांगितलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर तिथले लोक लोंढ्याने मॅस्टोडॉनवर आले. पुढच्याच महिन्यात आलेल्या ४.० आवृत्तीत माणसांप्रमाणे टॅगही फॉलो करता येऊ लागला. म्हणजे एकही ओळखीचा नसला तरी शेवाळाचे फोटो टाकणाऱ्यांचा #मॉसटोडॉन रोज दिसायला लागतो. हो, शेवाळाचे! दगडावरचं, कौलावरचं, ओल्या भिंतीवरचं. २०२३ च्या ४.२ आवृत्तीत शब्दांचा शोधही आला, पण तो ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच पोस्टपुरता.

टॅगसाठी # हे चिन्ह वापरायची कल्पना मात्र ट्विटरवरची, आणि तीही कंपनीची नव्हे. आयआरसी या जुन्या चॅट-व्यवस्थेत गप्पांच्या खोल्यांची नावं # ने सुरू व्हायची. ते पाहून क्रिस मेसिना यांनी २३ ऑगस्ट २००७ ला ट्विटरवर #बारकॅम्प लिहून सुचवलं की गटांसाठी हे चिन्ह वापरावं. कंपनीला त्यात फारसा दम दिसला नाही. दोनच महिन्यांनी सॅन डिएगोच्या आसपास वणवे पेटले, कुठला रस्ता बंद, कुठे आसरा ही माहिती #सॅनडिएगोफायर खाली येऊ लागली, आणि चिन्हाचा उपयोग लोकांना कळला. मेसिना यांनी पेटंट घेतलं नाही. टॅगवर कुणाची मालकी नसते, तो वापरायला कुणाला विचारावं लागत नाही, ही गोष्ट नवख्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची.

उदाहरणार्थ, बंगळूरमधल्या अंजू मौद्गल कदम आणि ॲली मॅथन या दोघींनी २०१५ मध्ये वर्षात शंभरदा साडी नेसायचा करार आपसात केला आणि #हंड्रेडसारीपॅक्ट हा टॅग धरला. अट एवढीच, की साडीबरोबर तिची गोष्ट सांगायची. कपाटातल्या आईच्या, आजीच्या साड्या बाहेर निघाल्या आणि दोघींच्या करारात देशोदेशींच्या बायका सामील झाल्या. नुसत्या #साडी या टॅगखाली हे झालं नसतं. तिथे दुकानांच्या जाहिराती. टॅगांचा ढीग लावूनही भागत नाही. इन्स्टाग्रामने एका पोस्टला तीस टॅगांची मुभा दिली तेव्हा नवखे तिसाही जागा भरून टाकायचे आणि कुणाच्याच नजरेस पडायचे नाहीत. टॅग फॉलो करायची २०१७ ची सोय तर तिथे २०२४ च्या अखेरीस बंदच झाली.

टॅगभोवती असा गोतावळा मराठीतही जमला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीला साहित्य संमेलन भरलं, त्याच सुमारास ट्विटरवर #ट्विटरसंमेलन भरलं. अध्यक्षपदाची निवडणूक नाही, त्यामुळे तेवढे वादही वाचले.

देवनागरीत टॅग लावताना मात्र काही खोड्या असतात. काही प्रोग्रॅमिंग भाषांच्या लेखी ‘अक्षर’ म्हणजे फक्त मूळ वर्ण. काना, मात्रा, वेलांटी त्यांच्या हिशेबात अक्षरं नाहीतच. अशा कच्च्या ॲपमध्ये #मराठी लिहिलं की पहिल्या कान्यापाशी टॅग तुटतो आणि निळा होतो तो फक्त #मर. स्वागताची ही तऱ्हा! दुसरी खोडी खास मराठीची. ‘दऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र संगणकात दोन पद्धतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. सह्याद्रीत भटकणारा नवखा #दऱ्याखोऱ्या लिहून वाट बघत बसतो आणि त्याच नावाच्या शेजारच्या टॅगखाली बाकीची मंडळी गप्पा मारत असतात. अशा वेळी टॅग स्वतः टाइप न करता त्या मंडळींपैकी कुणाच्या तरी पोस्टवरून कॉपी करून घ्यावा.